सांगलीच्या मळ्यातून सांगलीच्या ताटात: भाजी अडते कुठे?

सांगलीत भाजीचा तुटवडा आहे असं कुणी म्हणालं तर लोक हसतील. कृष्णाकाठची वांगी, डिग्रज-कवठेपिरानकडचं माळवं, हिवाळ्यात मेथी-शेपू-पोकळ्याच्या पेंड्या. शहराच्या कुठल्याही बाजूला थोडा वेळ गाडी हाणली की शेत लागतंच. तरीही याच शहरात अशी कितीतरी घरं आहेत जिथे आठवड्यातले बरेच दिवस आमटी, भात आणि बटाट्याची भाजी यावरच भागवलं जातं. त्या घरांत भाजी आवडत नाही असं नाही, आणि बायकांना सकस आहाराचं महत्त्व कळत नाही असं तर मुळीच नाही. मळा आणि ताट यांच्यामध्ये काही गाठी आहेत, आणि त्या प्रत्येक वस्तीत सारख्या बसलेल्या नाहीत. त्या कुठे आहेत ते नीट बघितलं तर सोडवायलाही सापडतात.

आधी भाजी लागते किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोठ्या माणसाला रोज साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं, असा त्यांचा हिशेब आहे. बटाटा या भाज्यांत धरत नाहीत. पाच माणसांच्या घरासाठी ही झाली रोजची दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळं. भाजी सरासरी 40 रुपये किलो धरली तरी रोजचे 80 रुपये नुसत्या भाजीचे. फळं धरली की शंभरी सहज ओलांडते आणि महिन्याचा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. तेल, गॅस, दूध, डाळ हे सगळं वेगळंच.

रेशनचा इथे फार उपयोग होत नाही, कारण ते धान्याचं आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं आणि सध्या ते मोफत आहे. ही मोठी सोय आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे पोट भरण्याची तजवीज महिन्याची होते आणि भाजीची तजवीज मात्र रोज हातात पडणाऱ्या मजुरीवर राहते. काम नाही मिळालं त्या दिवशी पहिली कात्री भाजीलाच लागते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याला एकटी भाजी कारण नाही. जंत आहेत, बाळंतपणं आहेत, मागून आणि उरलंसुरलं जेवण्याची आपली जुनी सवय आहे. पण पोट भरलेलं असून अंगात रक्त नाही, हे चित्र कुठून येतं त्याचा अंदाज यातून येतो.

मळा गेला, मंडई आली नाही

सांगलीची पहिली गाठ जमिनीची आहे आणि ती समजायला गुंठेवारी समजून घ्यावी लागते. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शहराच्या कडेच्या शेतकऱ्याने शेताचे एकेक-दोनदोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायचे, आणि हमाल, गवंडी, कारखान्यातला कामगार, छोटा नोकरदार यांनी ते घेऊन जमेल तसं घर बांधायचं. परवडणारी जागा तीच होती, त्यामुळे त्या माणसांना दोष देता येत नाही. पण रीतसर लेआउट झाला असता तर रुंद रस्ता, खुली जागा, एखादा सार्वजनिक सोयीचा भूखंड सोडावा लागला असता. गुंठेवारीत जो तो आपला तुकडा कुंपणापर्यंत वापरतो आणि मधे राहतो बोळ.

राज्य सरकारने 2001 मध्ये ही बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेतलं. कागद सरळ झाले. पाणी, रस्ता, गटार यांची मागणी तरी करता येऊ लागली. पण जी जागा सोडलेलीच नाही ती कायद्याने कशी उगवणार? शामरावनगरसारख्या भागात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून वाट काढत घरी पोहोचणाऱ्या माणसाला भाजीच्या ओट्याची मागणी करायचं सुचणारही नाही, ते समजण्यासारखं आहे.

दुसरीकडे बाजार जुन्या गावातच राहिला. सांगलीत शिवाजी मंडई आणि मारुती रोडचा परिसर, मिरजेत लक्ष्मी मार्केटचा परिसर. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 5 लाखांच्या थोडी वर होती. माणसं पसरत गेली, मंडया मात्र फारशा हलल्या नाहीत. कुपवाडच्या टोकाला राहणारी बाई रोजच्या भाजीसाठी मंडईत येऊ शकत नाही. येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्यात दोन-तीन पेंड्यांचे पैसे जातात. मग ती आठवड्याचा बाजार एकदम करते, पण फ्रिज नसेल तर पालेभाजी दुसऱ्या दिवशीच मान टाकते. म्हणून पिशवीत येतात टिकणाऱ्या गोष्टी: बटाटा, कांदा, कोबी, दुधी. पालेभाजी असं करत करत हळूच घरातून बाद होते, आणि भाज्यांतलं लोह मुख्यतः तिच्यातूनच मिळतं.

विकास आराखड्यात मंडईसाठी आरक्षित जागा दाखवलेल्या असतात, हे खरं. पण नकाशावर रंग भरला म्हणजे जागा ताब्यात आली असं होत नाही. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं की दहा वर्षांत ती जागा संपादन केली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. पैसे नाहीत म्हणून संपादन नाही, संपादन नाही म्हणून आरक्षण गेलं, असं राज्यातल्या अनेक शहरांत झालं आहे. म्हणून नवी मंडई बांधू, मग भाजी येईल, या वाटेवर माझा फारसा भरवसा नाही. ती वाट चुकीची नाही, पण त्या वाटेने जायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

एका पाटीचा हिशेब

ज्या वस्तीत मंडई नाही तिथे भाजी पोहोचवते ती हातगाडीवाली किंवा पाटीवाली. तिचा धंदा जवळून बघितल्याशिवाय या विषयातलं काहीच कळत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शेतकरी संध्याकाळी वांगी तोडतो आणि रात्री टेम्पोत कॅरेट चढवतो. पहाटे सौदे होतात. अडत्याची अडत, हमाली, तोलाई. जुलै 2016 पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापत नाहीत, ती खरेदीदाराकडून घेतात. त्याच वेळी बाजार समितीच्या आवाराबाहेर फळं-भाजी विकायला मोकळीक मिळाली. तरीही साखळी लांबच आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले टोमॅटोच्या शेतकऱ्याला साधारण 33 पैसे, कांद्याच्या 36 आणि बटाट्याच्या 37 पैसे मिळतात असं दिसलं. उरलेले पैसे कुणीतरी एकटाच गिळतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते वाहतूक, नासाडी, हाताळणी आणि चार-पाच हातांच्या छोट्या-मोठ्या नफ्यात विरघळतात.

आता पाटीवाली. समजा तिने पहाटे 20 किलो वांगी 25 रुपयांनी घेतली: 500 रुपये. रिक्षातला तिचा वाटा 50. म्हणजे 550 गुंतले. दोन किलो किडकी किंवा दबलेली निघाली, हातात उरली 18 किलो. दुपारपर्यंत 12 किलो 40 च्या भावाने गेली, त्याचे 480 आले. ऊन लागून वांग्याची चमक गेली, मग संध्याकाळी उरलेली सहा किलो वाट्यावर, पडतील 25 च्या भावाने: 150. एकूण 630. कमाई 80 रुपये. अशा पाच-सहा भाज्या लावल्या तर दिवस भरतो. हा हिशेब नमुन्यादाखल आहे, पण त्यातली मेख खरी आहे: तिची सगळी कमाई सकाळच्या ताज्या दोन-तीन तासांत आणि नासाडी किती होते यात अडकलेली असते. घासाघीस करताना आपण जे पाच रुपये कमी करून घेतो ते अडत्याच्या खिशातून येत नाहीत.

आणि तिचं भांडवल? सकाळी हजार घ्यायचे, संध्याकाळी व्याजासकट परत करायचे, अशी उसनवारी या धंद्यात जुनी आहे. जून 2020 मध्ये केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं, ते फेडलं की पुढचं 20,000, मग 50,000, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत. आता पहिल्या दोन टप्प्यांच्या रकमा वाढवल्या आहेत. विनातारण कर्ज मिळणं ही या बायकांसाठी साधी गोष्ट नाही. पण भांडवल मिळालं तरी उभं राहायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहतो. रस्त्यावर बसली की वाहतुकीला अडथळा, दुकानदाराची कुरकुर, आणि कधीतरी अतिक्रमणाची गाडी. एकदा माल उचलला गेला की त्या दिवसाचं भांडवलच गेलं.

कायदा तिच्या बाजूने आहे, कुणी वाचत नाही

पथविक्रेत्यांसाठी 2014 मध्ये केंद्राने कायदा केला. विक्रेत्यांना हटवण्याचा कायदा असा त्याच्याविषयी सर्रास गैरसमज आहे. तो त्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा आणि विक्रीला शिस्त लावणारा कायदा आहे. त्यातल्या चार-पाच तरतुदी भाजीच्या दृष्टीने फार कामाच्या आहेत.

शहरात पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करायची. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. 5 लाखांच्या शहरासाठी हा आकडा साडेबारा हजारांवर जातो, त्यामुळे जागा नाही म्हणून आकडा छाटण्याला फारसा आधार नाही. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हुसकावता येत नाही. जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपसूक जमतात त्या जागेला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो, आणि पाहणीत तशी नोंद झालेल्या जागेला फेरीवाला-निषिद्ध क्षेत्र ठरवता येत नाही. नाशवंत माल जप्त केला तर विक्रेत्याने मागणी केल्याच्या दिवशीच तो परत द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी मिळालेली मेथी ही मेथी नसते, एवढं कायदा करणाऱ्यांना कळलं होतं.

यात वेळ वाटून घेण्याचीही सोय आहे. एकाच रस्त्यावर दिवसा रहदारी आणि ठराविक वेळेत बाजार, असं नियोजन करता येतं. मला विचाराल तर सांगलीसाठी सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारा उपाय हाच आहे: गुंठेवारीच्या वस्त्यांत, जिथे एखादा बऱ्यापैकी रुंद रस्ता किंवा शाळेची भिंत आहे, तिथे रोज संध्याकाळी पाच ते नऊ बाजार. संपादन नको, इमारत नको. दिवा, पाण्याचा नळ, पावसाळ्यात वर पत्रा किंवा ताडपत्री, कचऱ्याची गाडी रात्री दहाला आणि बायकांसाठी स्वच्छतागृह.

संध्याकाळच का, यालाही कारण आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा विश्रामबागेतल्या घरकामाला जाणारी बाई सकाळी भाजी घेऊ शकत नाही. ती सुटते संध्याकाळी, आणि तेव्हा गाडीवर उरलेला माल तिच्या वाट्याला येतो. म्हणजे ज्या घराला ताज्या भाजीची जास्त गरज, त्याच घराला दिवसातली शिळी भाजी मिळते. आता डिग्रज, हरिपूर, समडोळीकडच्या शेतकऱ्याने दुपारी तीनला मेथी उपटली आणि पाचला वस्तीत आणली तर ती सकाळच्या मंडईतल्या मालापेक्षा ताजी असेल, कारण मंडईतली आदल्या संध्याकाळी काढलेली असते. गाव इतकं जवळ असण्याचा फायदा मुंबई-पुण्याला घेता येत नाही, आपल्याला येतो. 2016 पासून राज्याच्या पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान चालवलं. कल्पना उत्तम. पण असे बाजार जिथे गिऱ्हाईक मोठी पिशवी घेऊन चारचाकीतून येतं तिथे भरवणं सोपं पडतं. शेतकऱ्यालाही एका जागी माल संपवायचा असतो. पाच-दहा रुपयांची भाजी मागणाऱ्या वस्तीत त्याने यावं असं वाटत असेल तर जागा फुकट आणि भाडं शून्य, एवढं तरी द्यावं लागेल.

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहराने 1993 पासून असाच सौदा केला. विक्रेत्याला पालिकेची मोक्याची जागा मिळणार, बदल्यात त्याने ठराविक फळं-भाज्या पालिकेने ठरवलेल्या दरात विकायच्या, आणि शनिवार-रविवारी गाडी घेऊन शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत जायचं. न्यूयॉर्कने 2008 मध्ये फक्त ताजी फळं-भाजी विकणाऱ्या हातगाड्यांसाठी 1,000 परवाने काढले, तेही ज्या भागांत लोक भाजी कमी खातात तिथल्यासाठी. आपल्याकडे हातगाड्या आधीच आहेत. न्यूयॉर्कला जे मुद्दाम आणावं लागलं ते आपण अतिक्रमणाच्या गाडीत घालून नेतो.

दुकान आलं म्हणजे भाजी खाल्ली, असं नाही

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका गरीब भागात नवं सुपरमार्केट उघडलं तेव्हा काय बदललं याचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास चांगलं अन्न मिळतं, हे लोकांना जाणवलं. पण त्यांच्या खाण्यातली फळं-भाजी काही वाढली नाही. 2019 मधल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात श्रीमंत आणि गरीब घरांच्या आहारातल्या फरकापैकी जेमतेम दहा टक्के फरक दुकान जवळ असण्या-नसण्याने समजावता आला. बाकीचं सगळं लोक काय विकत घेणं पसंत करतात यात होतं, आणि ही पसंती आभाळातून पडत नाही. खिशात किती, घरात वेळ किती, पोरं काय मागतात, यातून ती घडते.

म्हणून पालेभाजीबद्दल बोलताना ती निवडायला लागणारा वेळही धरला पाहिजे. मेथीची पेंडी निवडायची, दोन-तीन पाण्यांतून धुवायची, चिरायची, हे सगळं कामावरून आल्यावर. बटाटा दहा मिनिटांत होतो. बचत गटातल्या बायकांनी निवडलेली भाजी थोड्या जास्त दराने वस्तीतच विकली तर गिऱ्हाईक मिळतं का, हे करून बघण्यासारखं आहे. पोरांच्या बाबतीत भाजीची स्पर्धा असते ती पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याशी, आणि तिथे शाळा कामाला येते: शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 75 ग्रॅम भाजी घालायची असते. ती खिचडीत दिसते का, हे पालकांनी जाऊन बघावं. कुणी अडवत नाही.

किराणा दुकानदार भाजी का ठेवत नाहीत, हाही प्रश्न येतो. बिस्किटाचा पुडा महिनोन्‌महिने टिकतो, कोथिंबीर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. यावर दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने फार पूर्वी एक स्वस्त उपाय काढला आहे, शून्य ऊर्जा शीतकक्ष. विटांच्या दोन भिंतींचा हौद, मधल्या फटीत वाळू, ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवायची, वर ओलं गोणपाट. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, आतली हवा थंड आणि दमट राहते, भाजी एक-दोन दिवस जास्त टिकते. वीज लागत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात तो झकास चालतो, पावसाळ्यात हवाच ओली असल्याने त्याचा जोर कमी होतो. बाजाराच्या जागी असा एक हौद असला तर उरलेली भाजी वाट्यावर उधळून टाकायची घाई राहत नाही.

घराच्या गच्चीवर भाजी लावा, हा सल्ला मात्र मला थोडा वरवरचा वाटतो. लावावी जरूर, शेवगा, कढीपत्ता, तांदळी सहज येतात. पण एका गुंठ्यात दोन भावांचे संसार असलेल्या घरातून दिवसाची दोन किलो भाजी निघत नाही.

फवारणीबद्दल इतकंच: वाहत्या पाण्यात चांगलं चोळून धुतल्याने वरवरचा अंश बराच जातो, आत मुरलेला जात नाही. त्या भीतीने भाजी खाणंच सोडणं हा मात्र तोट्याचा सौदा आहे.

असे छोटे बाजार हवेत याला सांगलीत आणखी एक कारण आहे, जे दुसऱ्या शहरांना सहसा नसतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा मारुती रोड, हरभट रोड, म्हणजे आपला अख्खा जुना बाजार पाण्यात होता. माल यायचे रस्ते बंद, विकायची जागा पाण्याखाली. शहराची भाजी एकाच सखल ठिकाणी एकवटली की पूर फक्त नदीकाठच्यांचा राहत नाही. उंचावरच्या भागांत आठ-दहा छोटे संध्याकाळचे बाजार आधीपासून चालू असले, तर पुराच्या आठवड्यात मिरजेच्या किंवा तासगावच्या बाजूने आलेला टेम्पो कुठे उभा करायचा हे तरी ठरलेलं असेल.

ज्यांना आपल्या वस्तीत हे व्हावंसं वाटतं त्यांनी महापालिकेत अर्ज देताना नुसतं 'मंडई हवी' असं लिहू नये. त्यावर 'जागा उपलब्ध नाही' असं उत्तर तयारच असतं. पथविक्रेता समितीच्या नावे अर्ज द्यावा. शेवटची पाहणी कधी झाली आणि तिच्यात आपल्या प्रभागातले किती विक्रेते नोंदले गेले हे माहिती अधिकारात विचारावं. भाजीवाले आज जिथे आपसूक बसतात त्या जागेचे संध्याकाळचे फोटो जोडून ती नैसर्गिक बाजार म्हणून नोंदवण्याची मागणी करावी. रस्त्याचं नाव, रुंदी आणि हवी ती वेळ स्पष्ट लिहावी. अर्जावर फक्त रहिवाशांच्या सह्या घेऊ नयेत, तिथे बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींच्याही घ्याव्यात. पाहणीला माणसं येतील तेव्हा जागेवर त्याच असणार आहेत.